रोजगार हमीचे जनक वि. स. पागे : बाई-गड्याला एकच मजुरी देणारी योजना यांच्या डोक्यातून निघाली

गोंदिया : धानाची कापणी-मळणी आटोपली की आपल्याकडे गावात हाताला काम राहत नाही. मोहफूल अन् तेंदूपत्त्याचा हंगाम लागेपर्यंत बाया वाट पाहतात ती रोजगार हमीच्या कामाची. तलावाचा गाळ काढणे, बोडी खोदणे, पांदण रस्ता. ही योजना ज्या माणसाने सुचवली, त्याचं नाव मात्र कामावरच्या फार थोड्यांना ठाऊक आहे. ते म्हणजे विठ्ठल सखाराम पागे.

पागे सांगली जिल्ह्यातले. जन्म १९१० चा. शिक्षणाने वकील, पण स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेले. पुढे सर्वोदयाच्या विचाराकडे वळले. संतसाहित्याची त्यांना मोठी आवड. १९६० पासून १९७८ पर्यंत, तब्बल १८ वर्षे ते विधान परिषदेचे सभापती होते. एवढ्या मोठ्या खुर्चीवर बसूनही त्यांचं डोकं गावातच राहिलं, असं म्हणावं लागेल.

ज्याला अंगमेहनतीचं काम पाहिजे त्याला ते सरकारने दिलंच पाहिजे, एवढी साधी त्यांची मांडणी होती. फुकट धान्य नाही, दान नाही. कामही असं की ज्यातून गावाला बंधारा, विहीर, रस्ता मिळेल. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात याचा प्रयोग झाला. तेव्हा मुख्यमंत्री होते आपल्या विदर्भातले वसंतराव नाईक. १९७२ ला योजना राज्यभर घेतली गेली आणि त्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. गावातल्या गरिबाला काम किती लागतं, ते साऱ्या राज्याने तेव्हा पाहिलं.

कायदा १९७७ मध्ये झाला, लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. पैसा कुठून? शहरातल्या पगारदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापायचा आणि तेवढीच भर राज्याने घालायची. मुंबईच्या बाबूचा पैसा खेड्यातल्या मजुरापर्यंत, हे त्या काळात सोपं नव्हतं.

पण बायांसाठी खरी गोष्ट वेगळीच होती. शेतात गड्याला जास्त अन् बाईला कमी, हा रिवाज आपल्याला नवा नाही. रोजगार हमीत कामाच्या मापावर दाम ठरला आणि तो बाई-गड्याला एकच. काम गावाजवळ. लहान लेकरांसाठी पाळणाघर, पिण्याचं पाणी, सावली, ही सोय कायद्यातच आली. विधवा, टाकलेल्या, भूमिहीन घरच्या बाया मोठ्या संख्येने कामावर येऊ लागल्या. कित्येकींच्या हातात स्वतःच्या नावाची मजुरी पहिल्यांदाच पडली असेल.

सगळं गोडच होतं असंही नाही. मजुरी कमी होती, पैसा उशिरा मिळायचा, मोजमापात घोळ व्हायचे. १९८८ मध्ये मजुरीचा दर दुपटीने वाढला, तर कामंच कमी निघू लागली. कायद्यात हक्क लिहून झाला तरी काम उघडणं कचेरीच्याच हाती राहिलं.

पागे १९९० मध्ये गेले. त्यानंतर १५ वर्षांनी, २००५ ला केंद्राने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला. त्यात किमान एक तृतीयांश मजूर बाया असाव्यात अशी अट होती आणि निम्मी तरी कामं ग्रामपंचायतीमार्फत करायची होती. फेब्रुवारी २००६ मध्ये पहिल्या टप्प्यात देशातले २०० जिल्हे घेतले, त्यात आपला गोंदियाही होता. गाव तासगावचं असो की सालेकसा-देवरीचं, एक नियम दोन्ही कायद्यांत सारखाच ठेवला गेला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम नाही मिळालं, तर बेरोजगार भत्ता. पण त्यासाठी मागणी कागदावर लागते, अन् आपल्याकडच्या बाया अजूनही बहुतेक वेळा ती तोंडीच करून येतात.