साने गुरुजी : वारशाचा विवेक

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. साने घराणे खोतांचे. आजोबांच्या काळात घरात सुबत्ता होती. वडील सदाशिवराव यांच्या हयातीत मात्र ती ओसरली आणि राहत्या घरावरही जप्ती आली. तिसऱ्या पिढीच्या पांडुरंगाला आई यशोदाबाईंनी गरिबीतच वळण लावले. श्रमाची लाज वाटू नये, दुसऱ्याचे दुःख आपले वाटावे, हीच त्या माउलीची शिकवण होती. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी वणवण त्यांना करावी लागली. १९१७ मध्ये आई निवर्तली, तेव्हा मायलेकरांची अखेरची भेटही झाली नाही.

पुढे ते खानदेशात आले. अमळनेरचे गिरणीमालक प्रतापशेठ यांनी आपल्या संपत्तीचा मोठा वाटा ज्ञानकार्यास दिला होता. त्यांच्या औदार्यातून उभ्या राहिलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात गुरुजींनी अध्ययन केले आणि १९२४ मध्ये ते तेथील हायस्कुलात शिक्षक झाले. छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे व अंथरुणे नीट लावणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे ही कामे ते स्वतः करीत. आईने आपल्यासाठी जे केले, तेच त्यांनी परक्यांच्या लेकरांसाठी केले. मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालविले. १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ती गुरुजींनी टिपून घेतली, म्हणून आज ती वाचावयास मिळतात. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली.

परंतु घराण्याकडून केवळ प्रेमच मिळत नाही. समाजाच्या रूढीही त्याच ओटीत येतात. ज्या संस्कृतीने गुरुजींना करुणा दिली, तिनेच कोट्यवधी माणसांना अस्पृश्य ठरवून देवळाबाहेर उभे केले होते. वारशाचा हा भाग त्यांनी नाकारला. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे, यासाठी १ मे १९४७ रोजी त्यांनी उपोषण आरंभिले. सनातनी मंडळींचा रोष पत्करून ते दहा दिवस चालले आणि मंदिर खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. ११ जून १९५० रोजी त्यांची जीवनयात्रा संपली.

आपल्या वसतिगृहातील कित्येक मुले घराण्यात प्रथमच शाळेची पायरी चढत आहेत. त्यांच्यामागे शेतजमीन नसेल, धनही नसेल. परंतु आईबापांचे कष्ट निश्चितच आहेत. ते जपावेत, आणि माणसाला माणसापासून तोडणारे जे काही मागून आले असेल, ते आपल्यापाशीच थांबवावे. पुढच्या पिढीला द्यावयाचे ते याच निवडीतून ठरते.