ढिगाऱ्यातून वाचलेला पोरगा : जोसेफ फ्राउनहोफर

जोसेफचा जन्म १७८७ चा, जर्मनीतल्या स्ट्राउबिंगचा. अकरा वर्षांचा होईतो आईवडील दोघेही गेले. म्युनिकला आरसे बनवणाऱ्याकडे कामाला लागला. मालक शिकू देईना. १८०१ मध्ये ते घरच कोसळलं. पोरगा ढिगाऱ्याखालून जिवंत निघाला! तिथल्या राज्यकर्त्याने दिलेल्या पैशांतून त्याने पुस्तकं घेतली, मालकाकडून सुटकाही विकत घेतली.

१८१४ च्या सुमारास सूर्यप्रकाशाच्या रंगपट्ट्यात त्याला काळ्या रेषा दिसल्या. नुसत्या बघितल्या नाहीत, ५७४ मोजल्या. (आपली मुलं पन्नासच्या पुढे कंटाळतात.) आज विमानातला हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा शेतावरून परतणारा प्रकाश शेकडो पट्ट्यांत फोडतो, त्यावरून पिकाचा रोग, जमिनीतली खनिजं ओळखता येतात. प्रकाश वाचायची ही विद्या जोसेफच्या त्या मोजणीवर उभी आहे.

१८२६ मध्ये क्षयाने तो गेला. वय अवघं ३९.