मेंडेलीव्ह : आवर्तसारणीत रिकाम्या जागा ठेवणारा शास्त्रज्ञ

नीटच्या तयारीसाठी मुलामुलींना घेऊन कितीतरी आया लातूर-नांदेडला भाड्याच्या खोलीत येऊन राहतात. त्या खोलीच्या भिंतीवर अनेकदा एक तक्ता असतो, आवर्तसारणीचा. उर्दू माध्यमातली मुलं त्याला दौरी जदवल म्हणतात. बरीच मुलं तो पाढ्यासारखा पाठ करतात. पण हा तक्ता मांडणाऱ्या माणसालाही त्याची आई अशीच घरदार सोडून शिकायला घेऊन गेली होती, हे फार थोड्यांना माहीत असतं.

दिमित्री मेंडेलीव्ह यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८३४ रोजी रशियातल्या सायबेरियात, तोबोल्स्क गावी झाला. भावंडं डझनभराहून जास्त, दिमित्री सर्वांत धाकटे. वडील शिक्षक होते, पण दिमित्री जन्मले त्याच वर्षी त्यांची दृष्टी गेली आणि नोकरी सुटली. आई मारिया यांनी माहेरचा काचेचा कारखाना चालवून संसार रेटला. १८४७ मध्ये वडील वारले. पुढच्याच वर्षी कारखाना जळाला.

दुसरं कुणी असतं तर पोराला कामाला लावलं असतं. मारिया यांनी १८४९ मध्ये त्याला घेऊन मॉस्को गाठलं. अंतर दोन हजार किलोमीटरहून अधिक, तेही रेल्वे नसताना. मुलगा दुसऱ्या विभागातला म्हणून तिथल्या विद्यापीठाने प्रवेश नाकारला. आई पुढे सेंट पीटर्सबर्गला गेली. वडील जिथे शिकले होते त्याच शिक्षकांच्या संस्थेत १८५० मध्ये मुलाला सरकारी खर्चाने प्रवेश मिळाला. त्याच वर्षी आईचं निधन झालं. मुलाने १८५५ मध्ये सुवर्णपदक मिळवलं, ते पाहायला ती नव्हती. पुढे १८८७ मध्ये त्यांनी आपला एक ग्रंथ आईच्या स्मृतीला अर्पण केला.

१८६७ मध्ये ते पीटर्सबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांना शिकवायला चांगलं पुस्तक नव्हतं, म्हणून स्वतःच लिहायला बसले. तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती. ती कोणत्या क्रमाने शिकवायची, या अडचणीतूनच १८६९ मध्ये सारणी तयार झाली. त्यांनी मूलद्रव्यं अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने लावली, तर ठरावीक अंतराने सारखेच गुणधर्म परत येत होते. जिथे क्रम जुळेना तिथे त्यांनी ओढूनताणून काही बसवलं नाही. ती जागा रिकामी ठेवली आणि तिथे येणाऱ्या मूलद्रव्याचे गुणधर्म आधीच लिहून टाकले. नावं देताना संस्कृतमधला ‘एक’ घेतला: एका-ॲल्युमिनिअम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन.

१८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलिअम सापडलं. तेच एका-ॲल्युमिनिअम होतं. शोध लावणाऱ्या ब्वाबोद्राँ यांनी त्याची घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्ह यांनी कळवलं की ती ५.९ च्या आसपास हवी, धातू शुद्ध करून पुन्हा मोजा. पुन्हा मोजली तर ५.९ भरली! ज्यांनी तो धातू डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, त्यांचं गणित बरोबर निघालं. हे गॅलिअम ३० अंशांच्या आतच वितळतं, मे महिन्यात नांदेडला ते बाटलीत पातळच दिसेल. पुढे १८७९ मध्ये स्कँडिअम आणि १८८६ मध्ये जर्मेनिअम सापडलं. तिन्ही जागा भरल्या.

मेंडेलीव्ह चुकलेही. अणूच्या आत आणखी छोटे कण असतात ही गोष्ट त्यांना शेवटपर्यंत पटली नाही. टेल्युरिअम आयोडीनपेक्षा जड असूनही त्यांनी ते आयोडीनच्या आधी ठेवलं. जागा बरोबर होती, पण कारण त्यांना वजन मोजण्यातली चूक वाटलं. खरं कारण १९१३ मध्ये इंग्लंडच्या हेन्री मोझली यांच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांतून पुढे आलं: क्रम अणुअंकाचा असतो, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनच्या संख्येचा. टेल्युरिअमचा अणुअंक ५२, आयोडीनचा ५३. हे मोझली १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत तुर्की सैन्याच्या गोळीने मारले गेले, वय अवघं २७.

गुणधर्म परत का येतात, हेही अणुरचनेतून कळतं. सोडिअमचे ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ असे बसतात. पोटॅशिअमचे १९ इलेक्ट्रॉन २, ८, ८, १ असे. दोघांच्याही बाहेरच्या कवचात एकच, म्हणून दोघांचा गण एक आणि पाण्याशी वागणूकही सारखी. एवढं ज्याला कळलं त्याला गण पाठ करावा लागत नाही, तो काढता येतो.

मेंडेलीव्ह यांना नोबेल मिळालं नाही. १९०६ मध्ये ते थोडक्यात हुकलं आणि २ फेब्रुवारी १९०७ रोजी ते वारले. १९५५ मध्ये तयार झालेल्या १०१ व्या मूलद्रव्याला मेंडेलेव्हिअम हे नाव मिळालं.

आपल्या मुलांनी आज एवढं करून पाहावं. कोऱ्या कागदावर पहिली २० मूलद्रव्यं अणुअंकाने मांडावीत आणि प्रत्येकाखाली इलेक्ट्रॉन लिहावेत. जिथे अडेल ती जागा रिकामी ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी सरांना किंवा मॅडमना तीच जागा दाखवून विचारावं. अम्मी-अब्बांनीही किती पाठ झालं हे विचारण्याआधी कुठे अडलं ते विचारावं.