विश्लेषण : शत्रूचा मुलगा अक्कलकोटचा राजा कसा झाला? कोण होते फत्तेसिंह भोसले?

अक्कलकोटला येणारे बहुतेक भाविक स्वामी समर्थांचे दर्शन घेऊन परततात, काही जण संस्थानचे शस्त्रागारही पाहतात. ती शस्त्रे ज्या भोसले घराण्याची, त्याचे मूळ पुरुष मात्र भोसले म्हणून जन्मले नव्हते. त्यांचे नाव राणोजी लोखंडे.

१७०७ मध्ये औरंगजेबाचा मृत्यू झाला आणि शाहू मोगलांच्या कैदेतून सुटले. साताऱ्याच्या वाटेवर मराठवाड्यातील पारद गावाने त्यांना अडवले. चकमकीत गावचे पाटील सयाजी लोखंडे मारले गेले. त्यांच्या पत्नीने लहानग्याला शाहूंच्या पायावर घालून अभय मागितले. शाहूंनी अभय तर दिलेच, मुलालाही सोबत घेतले. परतीच्या वाटेवरची ही फत्ते, म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले आणि भोसले हे आडनावही दिले. बाप मारला त्याच हाताने मुलाला वाढवावे, असे प्रसंग त्या काळातही विरळाच.

साताऱ्याच्या वाड्यात विरुबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे सांभाळले. पुढे त्यांना अक्कलकोटची जहागीर मिळाली.

मोहिमांत स्थान काय?

१७२५ ते २७ दरम्यानच्या कर्नाटक स्वाऱ्यांचे नेतृत्व नावाने फत्तेसिंहांकडे होते; प्रत्यक्ष सूत्रे बाजीराव पेशव्यांच्या हाती. १७३३ च्या जंजिरा मोहिमेतही दोघे होते. फत्तेसिंहांचा खरा कस लागला तो १७४० मध्ये. रघुजी भोसल्यांसह ते दक्षिणेत उतरले. दमलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नवाब दोस्त अली मारला गेला. पुढच्या वर्षी त्रिचनापल्ली पडली आणि चंदासाहेब कैद झाला.

मग गादी का नाही?

शाहूंना वारस मुलगा नव्हता. लाडका मानसपुत्र समोर होता. तरीही १७४९ मध्ये शाहूंच्या निधनानंतर गादीवर आले ते ताराबाईंनी नातू म्हणून पुढे केलेले रामराजे. छत्रपतींच्या गादीसाठी माया पुरेशी नव्हती, रक्ताचे नाते लागत होते. सत्ता पुण्याकडे सरकली, फत्तेसिंह अक्कलकोटला राहिले. १७६० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे आलेले दत्तक पुत्र शहाजी हेही लोखंडे कुळातलेच.

१८४८ मध्ये सातारा खालसा झाले, अक्कलकोट मात्र इंग्रजांचे मांडलिक म्हणून टिकले. स्वामी समर्थ आले तेव्हा तेथे मालोजीराजांचा अंमल होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन सोलापूर जिल्ह्याचा भाग झाले.