लकी डुबे : रेगेचा आफ्रिकी स्वर

दक्षिण आफ्रिकेतील एर्मेलो येथे ३ ऑगस्ट १९६४ रोजी जन्मलेल्या मुलाचे नाव आईने लकी, म्हणजे भाग्यवान, असे ठेवले. पूर्वी अनेकदा गर्भपाताचे दुःख सोसलेल्या त्या माउलीला हे मूल जगले हेच मोठे भाग्य वाटले. डुबे हे झुलू आडनाव. आपल्याकडील दुबे मंडळींशी त्याचा संबंध नाही.

आईवडील विभक्त झाले होते. आई रोजगारासाठी परगावी गेली आणि लकी आजीजवळ वाढला. लहान वयात त्याने माळीकाम केले, पण त्या मजुरीत भागेना, तेव्हा तो पुन्हा शाळेत गेला. शाळेच्या गायकवृंदातच त्याला संगीताची वाट सापडली.

आरंभी डुबे म्बाकांगा गात. झुलू लोकसंगीत आणि शहरी नृत्यसंगीत यांच्या मिलाफातून घडलेला हा प्रकार कृष्णवर्णीय वस्त्यांत लोकप्रिय होता आणि त्यात त्यांचा जमही बसला होता. तरीही १९८४ मध्ये त्यांनी जमैकाच्या रेगेची ध्वनिमुद्रिका काढली. म्बाकांगाच्या मुद्रिका तीस हजारांच्या घरात खपत. ही जेमतेम चार हजार खपली, वर वर्णद्वेषी सरकारने तिच्यावर बंदी घातली. कंपनीला त्यांचा म्बाकांगाच हवा होता. दुसरा एखादा निमूटपणे परतला असता. डुबे यांनी पुढच्याच वर्षी पुन्हा रेगे आणला आणि तो उदंड खपला.

त्यांचा रेगे ही जमैकाची नक्कल नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवे. खाली रेगेचा संथ ठेका, वर आफ्रिकी समूहगानातल्यासारखी साद देणारा आणि प्रतिसाद झेलणारा स्त्रियांचा कोरस, मंचावर झुलू नृत्याची उसळी आणि या साऱ्यावर तरंगणारा त्यांचा उंच, आर्त स्वर. गाणी बहुतांशी इंग्रजीत असल्याने ती झुलू समाजापलीकडे पोहोचली. सत्ताधाऱ्यांच्या आफ्रिकान्स भाषेतही त्यांनी निराळ्या नावाने एक ध्वनिमुद्रिका केली. 'टुगेदर ॲज वन'मधून त्यांनी एकोप्याची हाक दिली ती १९८८ मध्ये, नेल्सन मंडेला अद्याप तुरुंगात असताना.

१८ ऑक्टोबर २००७ च्या रात्री जोहान्सबर्गच्या रोझेटनव्हिल भागात मुलांना नातेवाइकांकडे सोडायला गेलेल्या डुबे यांच्यावर मोटार पळवू पाहणाऱ्यांनी गोळ्या झाडल्या. ते ४३ वर्षांचे होते. २००९ मध्ये मारेकऱ्यांना जन्मठेप झाली. खटल्यात उघड झाले की, त्यांनी डुबे यांना ओळखलेच नव्हते. हा कोणी नायजेरियन, परका माणूस असावा, असे त्यांना वाटले होते.