महेश्वरचे वस्त्र आणि अहिल्याबाई होळकर



आपल्या शहरापासून वेरूळ फार दूर नाही. तेथील लेणी पाहावयास गेलेला मनुष्य बहुधा घृष्णेश्वराच्या तांबड्या दगडी देवळातही जातो. या देवळाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी केला, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. त्यांनी बांधविलेल्या देवळांची, घाटांची व धर्मशाळांची नावे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. परंतु त्यांच्या हातून घडलेले एक कार्य दगडाचे नसून सुताचे आहे, आणि त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. पैठणी व हिमरू यांच्या प्रदेशात वाढणाऱ्या मुलामुलींना ते कार्य समजण्यास कठीण जाऊ नये. आज त्याचीच हकीकत सांगावयाची आहे.

अहिल्याबाईंचा जन्म 31 मे 1725 रोजी चौंडी या लहानशा गावी झाला. हे गाव हल्लीच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड तालुक्यात आहे. त्यांचे वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. मुलींना अक्षरओळख करून देण्याची चाल नसलेल्या त्या काळात त्यांनी आपल्या कन्येस लिहावयास व वाचावयास शिकविले. पुढे मल्हारराव होळकरांनी ही चुणचुणीत मुलगी पाहिली आणि आपला पुत्र खंडेराव याच्यासाठी तिला मागणी घातली. 1733 साली, वयाच्या आठव्या वर्षी, अहिल्याबाई होळकरांच्या सूनबाई झाल्या.

त्यांच्या वाट्यास आलेले दुःख थोडे नव्हते. 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. अहिल्याबाई त्या वेळी अवघ्या 28 वर्षांच्या होत्या. त्या सती जाण्यास निघाल्या असता वृद्ध मल्हाररावांनी त्यांना विनवून परावृत्त केले आणि हळूहळू राज्यकारभाराचे शिक्षण दिले. 1766 साली मल्हारराव वारले. पुढच्याच वर्षी अहिल्याबाईंचे एकुलते एक पुत्र मालेराव हेही निवर्तले. तेव्हा राज्याचा सारा भार या एकट्या स्त्रीवर पडला. सैन्याची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे सोपवून त्यांनी मुलकी कारभार स्वतःकडे ठेवला आणि नर्मदातीरी महेश्वर येथे आपली राजधानी केली. तेथून 1795 पर्यंत, म्हणजे सुमारे 28 वर्षे, त्यांनी राज्य केले.

आता त्यांच्या वेषाकडे पाहू. सर जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने पुढे माळव्याचा वृत्तांत लिहिला. अहिल्याबाईंना ज्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, अशा पुष्कळ लोकांकडून त्याने माहिती मिळविली होती. पतीच्या मृत्यूनंतर त्यांनी रंगीत वस्त्र कधीही अंगास लावले नाही, असे तो नमूद करतो. त्यांचे लुगडे पांढरे असे, व त्यास काठही नसे. गळ्यात एक लहानशी माळ, एवढाच काय तो अलंकार. पहाटेपूर्वी उठावे, पूजाअर्चा व पुराणश्रवण करावे, दानधर्म आटोपून साधे जेवण घ्यावे, दुपारी दरबारात बसावे आणि सायंकाळच्या पूजेनंतर पुन्हा रात्री उशिरापर्यंत कामकाज पाहावे, असा त्यांचा नित्यक्रम होता.

ज्या स्त्रीने स्वतः बिनकाठाचे पांढरे लुगडे नेसावे, तिच्याच आश्रयाने साऱ्या हिंदुस्थानात काठापदरासाठी नावाजलेले वस्त्र तयार व्हावे, ही गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे. महेश्वर हे विणकामाचे जुने ठिकाण होते. तथापि या धंद्यास खरी ऊर्जितावस्था आणली ती अहिल्याबाईंनी. त्यांनी सुरत, माळवा वगैरे ठिकाणांहून कुशल विणकर बोलावून आणले व त्यांस महेश्वरी वसविले. त्यांत हिंदू होते तसे मुसलमानही होते. हात कुशल असला म्हणजे पुरे, मग तो कोणत्या जातीचा वा धर्माचा, याची अडचण मागावर येत नाही. दरबारात येणाऱ्या पाहुण्यांना व नातलगांना अहेर म्हणून देण्यासाठी नऊवारी लुगडी आणि पागोट्यांची वस्त्रे त्या या विणकरांकडून करवून घेत. पहिल्या लुगड्याची आखणी खुद्द अहिल्याबाईंनी केली, असे परंपरा सांगते.

या वस्त्राचे वैशिष्ट्य काय, ते थोडक्यात सांगतो. त्याचे अंग बहुधा साधे, एकरंगी, बारीक चौकटीचे अथवा पट्ट्यांचे असते. सारी शोभा काठात आणि पदरात साठविलेली असते. पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत व दोन पांढरे, एकाआड एक. काठावरील नक्षी विणकराने दूर कोठून आणलेली नाही. महेश्वरचा किल्ला, घाट व नर्मदा रोज डोळ्यांसमोर, तेव्हा तेथील भिंतींची वीट, चटईची वीण, हिऱ्याची आकृती, चमेलीचे फूल आणि नदीची लाट हीच काठावर उतरली. शिवाय कित्येक लुगड्यांचा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. त्यामुळे असे लुगडे उलटे व सुलटे कसेही नेसता येते. सुंदर वस्तू नेसणारीच्या सोयीचीही असावी, हा विचार त्यात स्पष्ट दिसतो. हातमागावर ताणा बांधून एकेक धागा धोट्याने भरावा लागतो. म्हणून एकाच नमुन्याची दोन लुगडी शेजारी ठेवली, तरी पारख्याच्या नजरेस त्यांत दोन निराळे हात दिसतात.

परंतु अहिल्याबाईंच्या घरचे वस्त्र केवळ श्रीमंत पाहुण्यांसाठीच होते असे समजू नये. थंडीच्या दिवसांत त्या आपल्या आश्रितांना व अपंग, दुबळ्या लोकांना कपडे वाटीत, असे माल्कम लिहितो. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी मिळावे म्हणून त्यांनी माणसे नेमली होती. एवढेच नव्हे, तर नांगराच्या बैलांनाही पाणी पाजण्याची व्यवस्था होती. सिरोंजच्या एका धनाढ्य सावकाराच्या विधवेस दत्तक घेण्याची परवानगी हवी होती, आणि तेथील अधिकारी तिच्याकडे मोठी रक्कम मागत होता. ही तक्रार कानी येताच बाईंनी त्या अधिकाऱ्यास दूर केले, दत्तक मान्य केला आणि त्या मुलास वस्त्रे, दागिने व पालखी देऊन परत पाठविले. विधवेचे धन खजिन्यात ओढून घेण्याचा मोह त्यांना पडला नाही.

त्यांच्या आयुष्याचा शेवटही दुःखाचाच झाला. नातू गेला. 1791 साली जावई यशवंतराव फणसे वारले, आणि कन्या मुक्ताबाई आईच्या सर्व विनवण्या बाजूस सारून सती गेली. त्यानंतर तीन दिवस अहिल्याबाईंनी अन्नास स्पर्श केला नाही व कोणाशी शब्दही काढला नाही. मग त्या उठल्या आणि पुन्हा कामास लागल्या. 13 ऑगस्ट 1795 रोजी त्यांनी देह ठेवला.

एका विद्वानाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला होता. तो त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि नंतर नर्मदेत टाकण्यास सांगितले, अशी आख्यायिका माल्कमने दिली आहे. स्तुती अशी पाण्यात गेली, परंतु विणकरांचे माग त्याच नदीच्या काठी राहिले. पुढे 1818 मध्ये होळकरांची राजधानी इंदूरास गेली व दरबारचा आश्रय आटला. गिरण्यांचे स्वस्त कापड आले तेव्हा तर हातमागाचे दिवस फारच वाईट झाले. विसाव्या शतकात, 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस, होळकर घराण्यातील वंशजांच्या पुढाकाराने महेश्वरी रेहवा नावाची संस्था निघाली व किल्ल्याच्या आवारातच पुन्हा माग चालू झाले. त्या मागांवर आज पुष्कळ स्त्रिया स्वतः विणून आपला संसार चालवितात.

बालमित्रहो, विणकराचे कसब कितीही थोर असले तरी त्याच्या वस्त्राला मागणी नसेल तर ते एका पिढीत नाहीसे होते. आपल्या शहरातील हिमरूचे आणि जवळच्या पैठण व येवल्याच्या पैठणीचे कारागीर हे चांगले जाणतात. अहिल्याबाईंनी विणकरास भिक्षा दिली नाही. काम दिले, घर दिले आणि त्याच्या कामास मानाची जागा दिली. पुढच्या वेळी घृष्णेश्वरास गेलात, म्हणजे देवळाच्या दगडाबरोबर त्या सुताचीही आठवण ठेवा. आणि घरी परतल्यावर आई किंवा आजी पेटीतून जुने लुगडे काढील, तेव्हा ते हातात घेऊन त्याचा काठ नीट पाहा. ते विणणाऱ्याचे नाव आपणांस कळणार नाही, पण त्याने किती मन लावून काम केले हे तो काठ सांगेल.