कुऱ्हाड चालविणाऱ्याला जंगलाचा वाटा देणारे बाळासाहेब खेर

सोनगीर (ता. धुळे) : मुंबई-आग्रा महामार्गावरील सोनगीर हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात प्रसिद्ध आहे. धुळ्याहून उत्तरेकडे निघालेल्या प्रवाशाला येथेच दोंडाईचा-शहाद्याचा फाटा लागतो. हा रस्ता पुढे तापी ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याशी जातो. त्या डोंगररांगांतील साग, मोह, चारोळी, डिंक आणि तेंदूपानांवर भिल्ल व पावरा कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जगत आली. जंगलातील मालाला बाजारपेठेत मागणी होती आणि त्याला भावही मिळत असे. मात्र तो गोळा करणाऱ्याच्या पदरात मजुरीपलीकडे फारसे काही पडत नव्हते. हा व्यवहार बदलण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न ज्यांच्या कारकिर्दीत झाला, ते राज्यकर्ते म्हणजे मुंबई प्रांताच्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळाचे प्रमुख बाळ गंगाधर उर्फ बाळासाहेब खेर.

खेर यांचा जन्म 24 ऑगस्ट 1888 रोजी रत्नागिरी येथे झाला. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर ते कायद्याकडे वळले. संस्कृतचा त्यांचा व्यासंग मोठा होता. 1918 मध्ये त्यांनी मुंबईत सॉलिसिटर म्हणून भागीदारीत व्यवसाय सुरू केला आणि अल्पावधीत त्यात जम बसविला. सुखासीन आयुष्याची वाट मोकळी असताना ते स्वराज्य पक्षाच्या कार्यात उतरले. सविनय कायदेभंगाच्या काळात, 1930 व 1932 मध्ये, त्यांना तुरुंगवास घडला. मृदुभाषी व निगर्वी गृहस्थ अशी त्यांची ख्याती होती. प्रतिस्पर्धीही त्यांच्या सचोटीविषयी आदर बाळगून असत.

1935 च्या कायद्यान्वये झालेल्या निवडणुकांनंतर जुलै 1937 मध्ये खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. प्रांताच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला त्या काळी हीच संज्ञा होती. त्याच कायद्याने काही आदिवासी प्रदेश अंशतः वगळलेले क्षेत्र म्हणून वेगळे काढले होते. पश्चिम खानदेशातील नवापूर पेटा, अक्राणी महाल, तळोदे तालुका आणि मेहवासी जहागीरदारांची गावे, तसेच पूर्व खानदेशातील सातपुड्याची राखीव जंगले त्यात होती. नाशिक, ठाणे व पंचमहाल जिल्ह्यांतील काही भागांचाही त्यात समावेश होता. या मुलुखाची पाहणी करण्याचे काम खेर मंत्रिमंडळाने डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे सोपविले. सावकार, जमीनदार आणि जंगल ठेकेदार यांच्या कचाट्यात सापडलेल्या आदिवासींचे विदारक चित्र सिमिंग्टन यांच्या अहवालाने सरकारसमोर ठेवले.

मालाला मोल, मजुराला नाही

खानदेशातील जंगलमालाचे मोल परदेशी व्यापाऱ्यांनाही ठाऊक होते. रोशा गवताचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदे या परिसरातील डोंगरउतारांवर पावसाळ्यानंतर हे सुगंधी गवत फुलावर येते. ते कापून जागेवरच भट्ट्या लावून त्याचे तेल काढले जाई. ते मुंबईला पोहोचे आणि तेथून तांबड्या समुद्रातील बंदरांमार्गे थेट तुर्कस्तानात जाई. तेथे गुलाबाच्या महागड्या अत्तरात त्याची भेसळ होत असे. एकोणिसाव्या शतकातील औषधी द्रव्यांच्या ग्रंथांतही खानदेशच्या या तेलाची नोंद आढळते. सातपुड्यातील गवताला कॉन्स्टँटिनोपलपर्यंत गिऱ्हाईक होते. ते कापणाऱ्याच्या घरात मात्र दारिद्र्य कायम होते.

लाकडाची कथाही वेगळी नव्हती. वनखाते दरवर्षी तोडीसाठी ठरलेल्या जंगलाचे पट्टे पाडी. त्यांना कूप म्हणतात. या कुपांचा लिलाव होई आणि भांडवल असलेला ठेकेदार तो घेई. आदिवासी त्याच्याकडे रोजंदारीवर झाडे तोडी, ओंडके रचून ठेवी, कोळसा पाडी. पावसाळ्यात घेतलेली उचल हंगामाच्या मजुरीतून वळती होई आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उचल घ्यावी लागे. जंगलाची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस त्या जंगलाच्या व्यवहारात केवळ हमाल ठरला होता.

नोव्हेंबर 1939 मध्ये युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळे पायउतार झाली. सत्ता गेल्यावर खेर यांनी 1940 मध्ये ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळ स्थापन केले. दाहोदच्या भिल्ल सेवा मंडळाचे संस्थापक ठक्करबाप्पा यांच्या कार्याचा आदर्श त्यांच्यासमोर होता. प्रांताचा माजी प्रमुख पाड्यापाड्यांवरील शाळा व वसतिगृहांच्या कामात गुंतला, ही त्या काळातही असाधारण गोष्ट होती. त्यानंतर पुन्हा तुरुंगवास आला आणि 1946 मध्ये खेर यांच्याकडे दुसऱ्यांदा प्रांताची सूत्रे आली.

सहकाराचा मार्ग

त्या वेळी ठाणे जिल्हा धगधगत होता. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वारल्यांना संघटित केले होते. जंगलकामासाठी दररोज सव्वा रुपया मजुरी मिळावी, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. खेर यांच्या सरकारने परुळेकरांसह अनेक नेत्यांना हद्दपार केले. आदिवासींच्या कल्याणाची तळमळ असणाऱ्या राज्यकर्त्याने आदिवासींच्याच लढ्यावर बडगा उगारावा, हा त्यांच्या चरित्रातील मोठा विरोधाभास आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. मात्र मजुरी वाढवून प्रश्नाचे मूळ सुटणार नाही आणि ठेकेदाराची जागाच मजुरांच्या संस्थेने घेतली पाहिजे, ही भूमिकाही त्याच सरकारने स्वीकारली.

त्यातूनच 1947 पासून जंगल कामगार सहकारी संस्थांची उभारणी सुरू झाली. योजनेची रचना साधी होती. परिसरातील आदिवासींनी संस्था स्थापन करायची आणि वनखात्याने लिलाव न करता काही कूप तिच्याकडे सोपवायचे. भांडवलाची अडचण शासकीय साहाय्यातून दूर करायची. हिशेब, पत्रव्यवहार आणि विक्री सभासदांना सुरुवातीला जमणे कठीण असल्याने एखाद्या सेवाभावी संस्थेने वा कार्यकर्त्याने पुरस्कर्ता म्हणून पाठीशी उभे राहायचे. मजुरी सभासदांच्या हाती पडेल आणि विक्रीतून उरलेल्या नफ्याचा काही भाग गावातील सोयींसाठी वापरता येईल, अशी ही कल्पना होती. ठाणे, नाशिक आणि खानदेशच्या आदिवासी पट्ट्यात अशा संस्था उभ्या राहिल्या. पुढे महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये स्वतंत्र झाल्यावरही दोन्हीकडे ही पद्धत चालू राहिली.

योजनेच्या मर्यादा

या योजनेचा पाया लाकूडतोडीवर होता आणि तिची मर्यादाही तेथेच होती. 1980 च्या वनसंवर्धन कायद्यानंतर आणि नैसर्गिक जंगल हे महसुलाचे साधन मानू नये असे सांगणाऱ्या 1988 च्या राष्ट्रीय वनधोरणानंतर तोड घटत गेली. कूप आटले तशा अनेक संस्थाही निस्तेज झाल्या. काही ठिकाणी पुरस्कर्तेच कारभारी होऊन बसले आणि सभासद पुन्हा मजूरच राहिले. झाड उभे ठेवून त्याची फुले, फळे, बी, पाने व डिंक यांवर दरवर्षी मिळणारे उत्पन्न योजनेच्या केंद्रस्थानी आले असते, तर त्या संस्थांचा पाया अधिक टिकाऊ ठरला असता.

मोहाच्या बाबतीत तर खेर सरकारचे धोरण उलट दिशेने गेले. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मोहफुलांचा साठा व वाहतूक यांवर निर्बंध घातले. दारूच्या व्यसनातून आदिवासी कुटुंबे सुटावीत, हा हेतू प्रामाणिक होता. पण मोहफूल हे दारूचे साधन असण्याआधी टंचाईच्या दिवसांतील अन्न आणि रोख पैशाचा आधार होते. महाराष्ट्रात मोहफुलांवरील हे निर्बंध उठण्यासाठी 2021 साल उजाडावे लागले.

1952 मध्ये मुख्यमंत्रिपदावरून निवृत्त झाल्यावर खेर यांनी ब्रिटनमध्ये भारताचे उच्चायुक्त म्हणून काम पाहिले. 1954 मध्ये त्यांना पद्मविभूषण प्रदान करण्यात आले. 1955 मध्ये नियुक्त झालेल्या पहिल्या राजभाषा आयोगाचे ते अध्यक्ष होते. 8 मार्च 1957 रोजी त्यांचे निधन झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने भारावलेल्या त्या काळात त्यांच्या आदिवासी कार्याची चर्चा मागे पडली आणि ती पुढेही फारशी झाली नाही.

त्यांनी धरलेले सूत्र मात्र कालबाह्य झाले नाही. 1997 च्या कायद्याने महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रांत गौण वनोपजाची मालकी ग्रामस्तरावर आली. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांना मान्यता दिली. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांची पुस्तिका आली. तेथे ग्रामसभाच विक्रेता झाली. खेर यांच्या योजनेत कूप देणारे सरकार दाता होते. नव्या कायद्यांनी त्याच वाट्याला हक्काचे रूप दिले. सातपुड्यातील चारोळी, डिंक वा रोशाच्या तेलाचा भाव ठरविताना तो गोळा करणारा सौद्यात बरोबरीने बसतो की नाही, हीच या हक्काची कसोटी आहे. ही कसोटी खेर यांनी 1947 मध्येच ओळखली होती, हे त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही.